चर्च विकणे आहे



इंग्लंडमधल्या जागा-खरेदीच्या वेबसाइट चाळल्या, तर फ्लॅट, बंगले आणि दुकानगाळ्यांच्या रांगेत अधूनमधून एक वेगळीच जाहिरात दिसते. एकोणिसाव्या शतकातलं गॉथिक चर्च, शहराच्या जुन्या वस्तीत, दगडी बांधकाम, उंच मनोरा, विक्रीस उपलब्ध. सोबत फोटो, क्षेत्रफळ आणि एजंटचा नंबर. तिथं राहणाऱ्यांना आता याचं फारसं नवल वाटत नाही. आपण पहिल्यांदा वाचतो तेव्हा मात्र चमकतो. देवाची जागा अशी विकतात?

आमच्या आईला हे सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न होता, "मग देव कुठं जातो?" प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर खरोखरच ठरलेलं आहे. चर्च बंद करायचं ठरलं की शेवटची प्रार्थना होते. वेदी, बाप्तिस्म्याचं पाण्याचं पात्र अशा वस्तू काढून योग्य ठिकाणी पाठवल्या जातात. त्यानंतर ती इमारत कायद्याच्या दृष्टीनं इतर इमारतींसारखीच होते. आई म्हणाली, "म्हणजे उत्तरपूजा करून मग हलवतात." तिला पटलं. मला मात्र पुढचे प्रश्न पडत गेले. विकायचं हे ठरवतं कोण? पैसे कुणाचे? आणि त्या गल्लीत राहणाऱ्या, कधीही चर्चमध्ये न गेलेल्या माणसाला काही विचारतात का?

बारडोलीत बसून हा विषय कशाला, असं वाटेल. पण तो तितका लांबचा नाही. आपल्या शेजारपाजारच्या घरांतलं कुणी ना कुणी लंडन-लेस्टरला असतं, आणि तिथली काही देवळं अशाच विकत घेतलेल्या चर्चमध्ये सुरू झाली आहेत. शिवाय आपल्याच दक्षिण गुजरातमधल्या चर्च-मालमत्तेचा एक वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तिसरं कारण आपल्या घरचं आहे, ते शेवटी सांगतो.

गॉथिक म्हणजे नक्की काय?

सुरतहून गाडीनं मुंबईला गेलात, लोकल पकडून चर्चगेटला उतरलात आणि ओव्हल मैदानापाशी उभे राहिलात, की समोर दिसतं ते गॉथिक. मुंबई विद्यापीठ, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय. टोकदार कमानी, वर वर चढत जाणारे मनोरे, दगडात कोरलेली पानंफुलं आणि प्राणी, रंगीत काचांच्या उभ्या खिडक्या. मूळ शैली मध्ययुगीन युरोपातली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ती पुन्हा उचलली आणि आपल्याकडं आणली. ओव्हलभोवतीच्या या व्हिक्टोरियन गॉथिक इमारती आणि समोरच्या आर्ट डेको इमारती मिळून २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या.

आणि हो, चर्चगेट या नावातलं चर्च म्हणजे फोर्टमधलं १७१८ सालचं सेंट थॉमस. किल्ल्याचा जो दरवाजा त्या चर्चकडं उघडत होता, तो चर्च गेट. एकोणिसाव्या शतकात किल्ल्याच्या भिंती पाडल्या, दरवाजा गेला, नाव राहिलं. रोज लाखो माणसं ते नाव घेतात आणि त्यातल्या फार थोड्यांचा त्या चर्चशी संबंध असतो. चर्च बांधलं कुणी आणि ते शहराला किती चिकटलं, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. विक्रीच्या वेळी नेमका इथंच पेच पडतो.

अशा इमारती सांभाळणं सोपं नाही. उंच छत म्हणजे गळती शोधायलाच परात बांधावी लागते. दगडाचे सांधे चुन्यात भरणारा कारागीर सहज मिळत नाही. रंगीत काच फुटली तर बाजारात जाऊन तशी दुसरी आणता येत नाही. खर्च वाढत जातो आणि रविवारी येणारी माणसं कमी होत जातात.

तिकडं कसं विकतात

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ च्या जनगणनेत ५९.३ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिश्चन म्हटलं होतं. २०२१ मध्ये ते प्रमाण ४६.२ टक्क्यांवर आलं. चर्च ऑफ इंग्लंडकडं मात्र आजही सुमारे १६,००० चर्च आहेत आणि त्यातली १२,००० हून अधिक संरक्षित वारसा यादीत आहेत. म्हणजे पाडता येत नाहीत, हवी तशी बदलता येत नाहीत आणि भरतही नाहीत.

म्हणून तिथं विक्रीची एक लांबलचक पद्धत ठरली आहे. सध्या ती २०११ च्या एका कायद्यानुसार चालते. चर्च बंद करायचं तर आधी स्थानिक मंडळींशी, बिशपशी चर्चा होते. मग चर्च कमिशनर्स नावाची मध्यवर्ती संस्था मसुदा जाहीर करते आणि हरकती मागवते. हरकत घ्यायला तुम्ही त्या चर्चचे सभासदच असायला हवं असं नाही. समोरच्या घरात राहणारा नास्तिकही लिहू शकतो. हरकती ऐकल्यावर निर्णय होतो. तो मान्य नसेल तर परवानगी घेऊन प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीपर्यंत अपील करता येतं.

त्यानंतर प्रश्न येतो, आता इथं काय? नवा उपयोग शोधला जातो. घरं, दवाखाना, ग्रंथालय, संगीताचा हॉल, क्वचित दुसऱ्या पंथाचं चर्च. विक्रीच्या कागदातच अटी घातल्या जातात की ही जागा अमुक कामासाठीच वापरायची. आवारात थडगी असतील तर त्यांचे वेगळे नियम. इमारत फारच मोलाची असेल आणि उपयोग सापडत नसेल, तर १९६९ मध्ये सुरू झालेला एक ट्रस्ट ती सांभाळायला घेतो. त्याच्याकडं आज ३५० हून अधिक चर्च आहेत.

आपण सॉफ्टवेअरवाले जुनी सिस्टीम बंद करताना काय करतो? कोण कोण वापरतंय याची यादी काढतो, सगळ्यांना कळवतो, डेटा हलवतो आणि मगच सर्व्हर बंद करतो. यादीत नसलेला एखादा वापरणारा शेवटच्या दिवशी उगवतोच. इंग्लंडची पद्धत मला तशी वाटते. ती कंटाळवाणी आहे, पण यादीबाहेरच्या माणसाला बोलायची जागा देते.

दोन विक्रीनंतरच्या गोष्टी

पहिली न्यूयॉर्कची. मॅनहॅटनमध्ये सहाव्या ॲव्हेन्यूवर १८४० च्या दशकात चर्च ऑफ द होली कम्युनियन उभं राहिलं. आर्किटेक्ट रिचर्ड अपजॉन, अमेरिकेतल्या गॉथिक पुनरुज्जीवनातलं मोठं नाव. त्या काळी चर्चमधली बाकं पैसे भरून घराण्याच्या नावानं राखून ठेवायची पद्धत होती. या चर्चनं ती नाकारली. कुणीही यावं, कुठंही बसावं. १९६६ मध्ये शहरानं इमारतीला वारसा दर्जा दिला. पण माणसं कमी झाली, १९७० च्या दशकात ती मंडळी शेजारच्या दोन चर्चबरोबर एक झाली आणि इमारत विकली गेली. काही काळ ती व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या संस्थेकडं होती. १९८३ मध्ये तिथं ‘लाइमलाइट’ नावाचा नाइट क्लब सुरू झाला, जो पुढं अमली पदार्थांच्या प्रकरणांमुळं गाजला. व्यसनमुक्तीच्या जागी हे, असा उलटा प्रवास. क्लब बंद पडल्यावर २०१० मध्ये तिथं दुकानांचं मार्केट झालं.

यात गंमत अशी की वारसा नियम कुणी मोडला नाही. बाहेरून पाहिलं तर आजही तेच तपकिरी दगडी चर्च, तोच मनोरा. नियमानं दगड वाचवले. आत काय चालतं, हे त्या नियमाच्या कक्षेतच नव्हतं.

दुसरी गोष्ट आपल्या जवळच्यांची. लंडनच्या इस्लिंग्टन भागातलं एक वापरात नसलेलं चर्च स्वामिनारायण संप्रदायाच्या बीएपीएस संस्थेनं घेतलं आणि जून १९७० मध्ये योगीजी महाराजांच्या हस्ते तिथं त्यांचं इंग्लंडमधलं पहिलं मंदिर सुरू झालं. आज जगभरातले लोक ज्याला बघायला जातात, ते नीसडनचं संगमरवरी मंदिर १९९५ चं. त्याआधीची २५ वर्षं ही अशी होती. लेस्टरमध्ये जैन समाजानं १९७९ मध्ये काँग्रिगेशनल पंथाचं एक जुनं चर्च घेतलं. आत कोरीव खांब उभे केले, बाहेर पांढरा संगमरवर चढवला आणि १९८८ मध्ये प्रतिष्ठा झाली. पूर्व आफ्रिकेतून आणि गुजरातमधून गेलेल्या, नव्या देशात उभं राहू पाहणाऱ्या कुटुंबांना एकत्र बसायला छप्पर हवं होतं आणि छप्पर रिकामं होतं.

लेस्टरमध्ये बाहेरून चर्च ओळखू येत नाही आणि न्यूयॉर्कमध्ये लगेच येतं. तरी मला विचाराल, तर जे लेस्टरमध्ये राहिलं ते न्यूयॉर्कमध्ये गेलं. माणसं एकत्र येतात, मुलांना काही शिकवतात, लग्नाला आणि मरणाला एकमेकांच्या पाठीशी उभी राहतात. जागेचं हे काम चालूच राहिलं, फक्त प्रार्थनेची भाषा बदलली.

त्यामुळं विकणं म्हणजे पाप, असं मी म्हणणार नाही. रिकामी, गळकी इमारत भावनेपोटी धरून ठेवायची आणि एक दिवस छत कोसळू द्यायचं, यात पुण्य कसलं?

आपल्याकडं : दगड वाचवणारे नियम

मुंबईत कुलाब्याचं अफगाण चर्च तुम्ही पाहिलं असेल. खरं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेलं, १८५८ मध्ये प्रार्थनेसाठी खुलं झालं. साठ मीटरच्या आसपास उंचीचा त्याचा मनोरा एके काळी बंदरात शिरणाऱ्या जहाजांना दुरून दिसायचा. ज्या पलटणींसाठी ते बांधलं, त्या गेल्याला आता पाऊणशे वर्षं उलटली. मागं राहिली ती छोटीशी मंडळी आणि प्रचंड इमारत. समुद्राचा खारा वारा आणि मुंबईचा पाऊस दगडाला सोडत नाही. अलीकडच्या वर्षांत तिथं मोठं जतनकाम झालं, तेही बाहेरची मदत उभी राहिली म्हणून.

अशा इमारतींसाठी मुंबईनं १९९५ मध्ये हेरिटेज नियमावली आणली. देशातली ही अशी पहिलीच. इमारतींना श्रेणी दिल्या. श्रेणी एकला जवळपास हात लावता येत नाही. पण मालकाचं काय? शेजारी वीस मजले होत असताना याची जागा अडकून पडते. म्हणून त्यात टीडीआरची तरतूद ठेवली : इथं न वापरता आलेला एफएसआय दुसरीकडं बांधकामासाठी विकता येतो. म्हणजे इमारत न विकता तिच्या डोक्यावरची रिकामी हवा विकायची. कल्पना हुशार आहे.

जागा सोडून नवं बांधल्याचंही उदाहरण आहे. माझगावचं ग्लोरिया चर्च पोर्तुगीज काळातलं, १६३२ चं. ते पाडलं गेलं आणि १९११ ते १९१३ या काळात भायखळ्याला नवं, इंग्लिश गॉथिक शैलीतलं ग्लोरिया चर्च उभं राहिलं. जुनी वास्तू गेली, पण नाव आणि माणसं एकत्र हलली. आज भायखळ्याची ओळख सांगताना ते चर्च येतंच.

आपल्याकडं : किंमत बघणारा कायदा

आता घराजवळ येऊ. नवापूर-नंदुरबारकडं जाताना लागणारं व्यारा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेतल्या चर्च ऑफ द ब्रदरन या पंथाचे पहिले मिशनरी, विल्बर आणि मेरी स्टोव्हर आणि त्यांच्यासोबत बर्था रायन, १८९५ मध्ये बलसाडला म्हणजे आजच्या वलसाडला स्थिरावले. पुढं अंकलेश्वर, व्यारा, डांगमधलं आहवा इथं त्यांची केंद्रं झाली. शाळा, दवाखाने, वसतिगृहं आणि चर्च. गुजराती भाषिक मंडळींचा फर्स्ट डिस्ट्रिक्ट आणि डहाणू, पालघर, वाडा भागातल्या मराठी मंडळींचा सेकंड डिस्ट्रिक्ट, अशी त्यांची विभागणी होती.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला उत्तर भारतातले सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. ब्रदरन त्यात सामील झाले. श्रद्धेच्या पातळीवर ते ठीक होतं. पण फर्स्ट डिस्ट्रिक्टच्या नावानं असलेल्या जमिनी, चर्च, बंगले यांचं काय? एका गटाचं म्हणणं, विलीनीकरणाचा ठराव झाला, म्हणजे मालमत्ताही नव्या संस्थेची. दुसऱ्या गटाचं म्हणणं, आमची ट्रस्ट जिवंत आहे, मालमत्ता तिचीच. हे भांडण खालच्या कोर्टातून गुजरात उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकाल लागला २०१३ मध्ये. ठरावापासून मोजलं तर ४३ वर्षं.

न्यायालयानं थोडक्यात असं सांगितलं : नुसत्या ठरावानं सार्वजनिक ट्रस्टची मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर जात नाही. संस्था विसर्जित करायची, मालमत्ता द्यायची, तर कायद्यानं घालून दिलेली पद्धत पाळावी लागते. ती पाळली नव्हती, म्हणून मालमत्ता मूळ ट्रस्टचीच.

हा कायदा म्हणजे १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाल्यावर दोन्हीकडं तो राहिला. आता नावात राज्यांची नावं आली आहेत. देऊळ असो, चर्च असो, व्यायामशाळा असो की आपल्यासारखं मंडळ, नोंदणीकृत सार्वजनिक ट्रस्ट असेल तर कलम ३६ लागू होतं. चॅरिटी कमिशनरच्या आगाऊ मंजुरीशिवाय जागा विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, अदलाबदल करता येत नाही. बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाड्यानं द्यायची तरी मंजुरी लागते. मंजुरी मागताना विश्वस्तांचा ठराव, विकण्याचं कारण, मूल्यांकन, आलेल्या ऑफर हे सगळं मांडावं लागतं. खोटं सांगून किंवा काही लपवून मंजुरी घेतली असेल, तर ती रद्द होऊ शकते.

कायदा चांगला आहे. विश्वस्त मालक नसतात, राखणदार असतात, हे तो स्पष्ट सांगतो. आमच्या भाषेत, ॲडमिनचा पासवर्ड हातात आहे म्हणून सिस्टीम तुमच्या मालकीची होत नाही. पण त्याचा मुख्य प्रश्न एकच असतो : यात ट्रस्टचं हित आहे का, योग्य किंमत येते आहे का?

आणखी एक फरक लक्षात घ्या. आपल्याकडं १९९१ च्या कायद्यानं एका धर्माच्या प्रार्थनास्थळाचं दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनास्थळात रूपांतर करायला मनाई आहे. त्यामागची कारणं आपण जाणतो. पण त्यामुळं लेस्टरमध्ये राजीखुशीनं झालं तसं इथं सहज होऊ शकत नाही. शहरातलं जुनं चर्च विकायला निघालं, तर पुढं येणाऱ्या बहुतेकांची नजर खालच्या जमिनीवर असणार, हे उघड आहे.

तिसरा प्रश्न

आता हे सगळं एका ओळीत मांडून बघा. जुनी वास्तू विकताना तीन प्रश्न असतात. किंमत बरोबर आली का? दगड वाचले का? आणि त्या जागेचं काम पुढं कोण करणार?

पहिल्या प्रश्नाला आपल्याकडं चॅरिटी कमिशनरचं कार्यालय आहे. दुसऱ्याला, जिथं नियमावली आहे तिथं, हेरिटेज समिती आहे. तिसऱ्या प्रश्नाला कुठलंच कार्यालय नाही. इंग्लंडमध्ये निदान नोटीस लागते आणि समोरच्या घरातल्या माणसाला लिहिता येतं. आपल्याकडं त्या गल्लीला कळतं ते पत्रे ठोकले गेल्यावर.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या प्रश्नाला कार्यालय नाही, तो आपणच विचारायचा असतो, आणि तो विक्रीआधी विचारायचा असतो.

बारडोलीला हे नव्यानं सांगायची गरज नसावी. १९२८ मध्ये सरकारनं शेतसारा वाढवला, शेतकऱ्यांनी तो भरला नाही, जमिनी जप्त झाल्या आणि लिलावाला निघाल्या. कागदोपत्री विक्री कायदेशीर होती. विकणारं सरकार होतं आणि घेणारा पैसे मोजायला तयार असेल तर तिसऱ्याचा काय संबंध? पण वल्लभभाईंच्या मागं उभ्या राहिलेल्या गावांनी ठरवलं की शेजाऱ्याच्या जमिनीवर बोली लावायची नाही, आणि जो लावेल त्याच्याशी व्यवहार ठेवायचा नाही. शेवटी सरकारला चौकशी नेमावी लागली आणि जमिनीही शेतकऱ्यांकडं परत आल्या. विक्री ही फक्त विकणारा आणि घेणारा यांच्यातली गोष्ट नसते, हे या तालुक्यानं शंभर वर्षांपूर्वी देशाला दाखवून दिलं. आपण मराठी कुटुंबं इथं कुणी पन्नास, कुणी ऐंशी वर्षांपूर्वी आलो असू, पण आता त्या इतिहासाचे वारस आपणही आहोत.

आणि आता ते तिसरं, घरचं कारण. महाराष्ट्राबाहेरच्या कितीतरी गावांत आपल्या आजोबांच्या पिढीनं वर्गणी काढून जागा घेतल्या. एक हॉल, एक गणपतीचा ओटा, कुठं वाचनालय, कुठं बाहेरगावच्या मुलांसाठी दोन खोल्या. कुणी पगारातून, कुणी खानदेशातलं पीक विकून पैसे दिले. आज त्या जागा भर बाजारात आल्या आहेत. आपली पिढी सुरतला, पुण्याला, बंगळुरूला, नाहीतर परदेशात आहे. वर्षातले तीनशे दिवस हॉल बंद असतो. पंख्यांना गंज, भिंतीला ओल, आणि सत्तरीतले काका एकटे वीजबिल भरून येतात. एक दिवस एखादा बिल्डर चांगली ऑफर घेऊन येईल. त्या दिवशी मतदानाला बसणारे विश्वस्त आपण असू.

तेव्हा काय करायचं, हे आत्ता कुणीच सांगू शकत नाही. कदाचित विकणंच योग्य असेल. कदाचित गावाबाहेर मोठी जागा घेऊन ग्लोरिया चर्चसारखं नाव आणि माणसं एकत्र हलवता येतील. कदाचित शेजारच्या समाजाला अभ्यासिका हवी असेल आणि हॉल त्यांच्यासोबत चालवता येईल. पण ते ठरवायला आधी काही साध्या गोष्टी हाताशी हव्यात.

पहिली, ट्रस्टच्या नोंदणीचा उतारा काढून वाचा. त्यावर अजून जिवंत नसलेल्या विश्वस्तांची नावं असतात. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, आणि हे काम सगळीकडं राहून जातं. उद्या निर्णय घ्यायची वेळ आली तर सही कुणाची, इथूनच भांडण सुरू होतं. ब्रदरन मंडळींची ४३ वर्षं आठवा.

दुसरी, जागेचे कागद, नकाशा, कराच्या पावत्या स्कॅन करून दोन-तीन ठिकाणी ठेवा. काकांच्या कपाटातली एकच फाइल म्हणजे बॅकअप नसलेला सर्व्हर.

तिसरी, घरातल्या मोठ्यांना विचारा की ही जागा घेतली तेव्हा नक्की कशासाठी घेतली होती. देणगीदाराची काही अट होती का? हे कागदावर नसतं, आणि सांगणारी माणसं कायम राहत नाहीत. मोबाइलवर अर्धा तास रेकॉर्ड करून ठेवलंत तरी पुष्कळ.

चौथी, वापर वाढवा. रिकामी जागा विकायला फार युक्तिवाद लागत नाही, भरलेली जागा विकायला लागतो. कुलाब्याचं चर्च असो की आपला हॉल, त्याचा पहिला बचाव म्हणजे आत बसलेली माणसं. आपल्या गावातलं स्वराज आश्रम बघा. १९२२ पासूनची वास्तू, पण तिथं आजही माणसं येतात-जातात, शाळेची मुलं संग्रहालय बघायला येतात.

आणि विकायचंच ठरलं, तर उघडपणे विका. सगळ्या सभासदांना, बाहेरगावी असलेल्यांनाही, लेखी कळवा. शेजाऱ्यांना सांगा. कागदात अट घालता येत असेल तर घाला. आलेल्या पैशातून तेच काम दुसरीकडं सुरू होईल, हे विक्रीच्या ठरावातच लिहा, नंतरच्या बैठकीवर सोडू नका. पैसा मुदत ठेवीत गेला की त्याला हळूहळू कुणाचाच चेहरा राहत नाही.

परवा आईनं पुन्हा विचारलं, "ते चर्च गेलं का रे विकलं?" मी म्हटलं, "कुठलं? तिकडं रोज एखादं असतंच." ती म्हणाली, "घेणारा कोण ते बघ. घर देताना आपण पोरगी देताना बघतो तसंच बघावं." कलम ३६ मध्ये हे वाक्य नाही, पण असायला हरकत नव्हती.

तुमच्या गावातल्या, म्हणजे नवसारी, व्यारा, सोनगड, अंकलेश्वर, कुठल्याही मराठी मंडळाच्या जुन्या जागेची हकीकत माहीत असेल, तर अंकाच्या संपादकांकडं जरूर पाठवा. जागा कधी घेतली, कशी घेतली, आज काय चालतं, एवढंच लिहा. पुढंमागं कुणाला तरी मतदानाच्या दिवशी ते उपयोगी पडेल.

भेटू पुढच्या महिन्यात.